क्वायताईने न विकलेलं झाड

क्वायताईकडून झाड विकत घेणं म्हणजे तिच्या घरी मुलगी मागायला जाण्यासारखं आहे. टाकी किती उंच? खिडकीपाशी की कोपऱ्यात? दिवा किती तास? मासे कुठले? उत्तरं पटली तरच तिचा हात पिशवीकडे जातो. मोंगकॉकच्या माशांच्या गल्लीत आमची दुकानं भिंतीला भिंत लागून आहेत. मी मासे विकतो, ती पाण्यातली झाडं. एकोणीस वर्षं मी तिला हातातलं गिऱ्हाईक परत पाठवताना बघतोय आणि एकोणीस वर्षं माझं डोकं फिरतंय.

"गोल्डफिश आहेत? मग ही नाजूक पानं नको. तुमचं जेवण व्हायच्या आत फस्त करतील," असं ती सांगते. "ही जाड पानांची अनुबियास न्या. दगडाला दोऱ्याने बांधा. गड्डा वाळूत पुरलात तर कुजेल, मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

चिनी नववर्षाच्या आधी शुभ म्हणून सगळ्या गल्लीला लाल झाड हवं असतं. एकदा एक बाई लालभडक पानांची जुडी घेऊन आली, आठवड्यात मऊ का पडली म्हणून विचारायला. ताईने एका धड पानावर पाण्याचा थेंब टाकला. तो अळवावरच्या पाण्यासारखा घरंगळून गेला.

"हे कुंडीतलं झाड आहे, बाई. पाण्यात बुडवलं म्हणून ते पाण्यातलं होत नाही. तुम्हाला बुडवलं तर तुम्ही मासा व्हाल का?"

बाई हसली. मी हसलो नाही, कारण जुडी मीच विकली होती.

अशा या ताईकडे फेब्रुवारीच्या शेवटी मोककाका आले. शामशुईपोतली त्यांची जुनी इमारत पाडायला काढली होती, म्हणून ते पार शहराच्या टोकाला, थिन शुई वायला नव्या घरात राहायला गेले होते. बरोबर बायकोची काचेची टाकी नेली होती. बायको जाऊन तीन वर्षं झाली. टाकीत एकच झाड होतं, तिने बावीस वर्षं वाढवलेलं. नव्या घरी आठ दिवसांत त्याची पानं विरघळून शेंबडासारखी झाली. काकांच्या हातातल्या पिशवीत नुसता मुळांचा गुंता होता.

"हे कुठलं झाड ते ओळखा आणि अगदी तसंच दुसरं द्या," ते म्हणाले. "एप्रिलमध्ये लेक टोरांटोहून येतेय, पितरांच्या सणाला आईची कबर साफ करायला. तिच्या आईचं झाड मी मारलं, हे तिला कळता कामा नये."

मी तर पानं बघूनही चुकतो. ताईने पिशवीत हात घातला, गड्डा अंगठ्याने दाबला, एक मूळ नखाने खरवडलं.

"पानं तपकिरी, अरुंद. कडांना चुण्या. खालची बाजू तांबूस. बरोबर?"

काकांनी आ वासला. "तुम्ही कधी पाहिलंत?"

"आत्ताच पाहिलं की. क्रिप्ट म्हणतात हिला. आणि काका, ही मेलेली नाही. गड्डा घट्ट आहे, मुळं आतून पांढरी आहेत. घर बदललं, पाणी बदललं की ही रुसते आणि सगळी पानं टाकते. वाळूत लावा आणि महिनाभर हात लावू नका."

"आणि नाहीच फुटली तर? तसलंच झाड तुमच्या मागे आहे की! ते द्या."

"नाही देणार."

"का?"

"ते नेलंत की तुम्ही हे फेकाल."

काका तणतणत बाहेर पडले. आता माझं कर्तृत्व ऐका. माझ्याकडे क्रिप्टच्या दोन-चार कुंड्या पडून असतात. मी हाक मारली, "काका, इकडे या." ते आले, कुंडी घेतली, आणि मुळांची पिशवी माझ्या कचऱ्याच्या बादलीत टाकून गेले.

ताई शेजारून आली. बाही वर करून तिने बादलीत कोपरापर्यंत हात घातला.

"अगं, मेलेले मासे आहेत त्यात!"

"मासे तुझे. झाड माझं."

तिने ते धुऊन एका छोट्या टाकीत लावलं आणि काचेवर चिठ्ठी चिकटवली: विकायचं नाही. गिऱ्हाइकं हसायची, कारण टाकीत दिसायची फक्त वाळू. मीही टोमणे मारले, "काय ताई, वाळूला पाणी घालतेस?" ती रोज थोडं पाणी बदलायची. काकांचा पत्ता कोणाकडे नव्हता, फोन नंबरही नव्हता. ते परत येतील याची काय खात्री? पण पंचविसाव्या दिवशी वाळूतून बोटाच्या पेराएवढं तपकिरी पान वर आलं, कडेला चुण्या असलेलं. तेव्हा मला लाज वाटली. अगदी मनापासून वाटली.

लेक यायला तीन दिवस उरले असताना काका माझ्यावर चाल करून आले. "चोरा! तुझंही विरघळलं! आता काय दाखवू मी तिला?" विरघळणारच होतं, जागा त्याचीही बदलली होती. मी त्यांना हाताला धरून शेजारी नेलं आणि त्यांनी बादलीत टाकलेलं झाड दाखवलं.

तोवर तीन पानं झाली होती. काका टाकीसमोर वाकले आणि काचेला नाक लावून एकेक पान न्याहाळू लागले. "हे तिचंच," एवढंच म्हणाले.

"तुमचंच आहे, न्या," ताई म्हणाली. "पण खरं सांगते. घरी नेलंत की ही तीनही गळतील. लेक येईल तेव्हा टाकी रिकामीच असेल. तिच्यासाठी हिरवं काही हवं असेल तर दुसरं झाड देते, आज देते."

काकांनी डोळे पुसले. "नको. हेच द्या. मी सांगेन तिला."

आठवड्याने दुपारी ताईचा फोन वाजला. तिचे हात ओले, म्हणून मी उचलला. पलीकडे काका, नातू झाल्याच्या आनंदात ओरडावं तसे ओरडत होते, "गळली! सगळी गळली!" मागून एका बाईचा आवाज आला, "बाबा, टाकीत हात घालू नका म्हणून सांगितलंय ना!"

"लेक का?" मी विचारलं.

"तीच. ताईंना सांग, तिने परतीचं तिकीट महिनाभर पुढे ढकललंय. पान फुटल्याशिवाय जात नाही म्हणते."