हिरव्या सदऱ्यावरचा मार

आमच्या ह्यांनी आयुष्यात फौजेचा मार एकदाच खाल्ला, आणि तोही मुसलमान समजून. आम्ही करमाडजवळच्या खेड्यातले मराठे, घरात पाटीलकी, देव्हाऱ्यात खंडोबा. तरी हे झालं. आता पुंडलिकनगरात लेकाच्या घरी बसून मी टीव्हीवर लढाईच्या बातम्या बघते. कुठल्यातरी देशातलं कुठलंतरी गाव दाखवतात आणि टाय लावलेली शहाणीसुरती माणसं सांगतात, की नुसत्या सैन्याला मारून भागायचं नाही, त्या गावकऱ्यांनाही धडा शिकवला पाहिजे. मग माझं डोकं फिरतं, मी मोठ्यानं बोलायला लागते आणि नातवंडं आवाज कमी करतात. टीव्हीचा, माझा नाही. तो त्यांना जमत नाही.

माझी पहिली दोन मुलं पाळण्यातच गेली. तिसऱ्याच्या वेळी सासूबाईंनी नवस बोलला तो गावातल्या मोहरमच्या पंजाला, सवारीत काठीवर मिरवतात त्या धातूच्या हाताला. यात आमच्याकडे कोणाला नवल वाटत नसे. पंजे बसवायचे मुजावरचाचा, ऊद-लोबान त्यांच्या हातचा, पण नवस फेडणाऱ्यांत निम्म्याहून जास्त हिंदूच असायचे. मूल जगलं तर बापानं पाच वर्षं मोहरमात फकिरी घ्यायची, असं सासूबाईंनी कबूल केलं होतं. फकिरी म्हणजे अंगात हिरवा सदरा, गळ्यात लाल-हिरवा नाडा, पायात काही नाही, निजायचं भुईवर आणि झोळी घेऊन पाच घरी पीठ मागायचं. पाटलाचा मुलगा झोळी घेऊन दारात उभा राहिला, की बायका मुद्दाम चूल सारवायला घ्यायच्या आणि त्यांना ताटकळत ठेवायच्या. मूल जगलं. आज मी ज्याच्या घरी बसून भांडते आहे, तोच तो.

हिंदुस्थानची फौज निजामावर चालून आली, पोलीस ॲक्शन झाली, ते फकिरीचं शेवटचं वर्ष होतं. त्याआधी निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी आमचा जीव नकोसा केला होता. आमची धान्याची पेवं उपसून नेली होती, आमच्या सालगड्याला झाडाला बांधून मारलं होतं. आमच्याच मुसलमान आळीतली काही पोरं त्यांच्यात सामील झाली होती, हेही खोटं नाही. ती फौज यायच्या आधीच पळाली. मागं राहिले ते मुजावरचाचा, पिंजारी, बांगड्या भरणारे मणेर आणि त्यांची बायकामुलं. मग वारं फिरलं, आणि आजूबाजूच्या गावांतून आता उलट बाजूच्या बातम्या यायला लागल्या. त्या मुसलमानांना मारल्याच्या होत्या. कुठल्या विहिरीचं पाणी लोकांनी सोडलं, ते का सोडलं, हे मी इथं लिहिणार नाही.

मोहरम जवळ आला तसे चाचा आमच्या ओसरीवर आले. नेहमी बसायचे तिथं बसले नाहीत, खाली पायरीवर बसले. म्हणाले, “आई, यंदा ऱ्हाऊ द्या. आमी पंजे झाकून ठेवतो. आमच्या आळीत कुनी हिरवं घालनार नाय. दिवस बरे नाईत.”

सासूबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. “तुमी झाका. तुमची गोष्ट येगळी. माझ्या नातवाचं काय? सरकार बदललं म्हनून नवस बदलत नसतो.” चाचा पायरीवरून उठले. मग त्यांनीच ह्यांच्या गळ्यात नाडा बांधला आणि नातवाच्या कपाळाला उदी लावली.

असं करून त्या मोहरमात आमच्या गावात एक उफराटाच प्रकार झाला. ज्यांचा सण, ते सगळे पांढऱ्या धोतरात घराच्या कोपऱ्यात बसले, आणि नवसाला बांधलेले मराठे, माळी, तेली हिरवे सदरे घालून गावभर फिरले. आम्हाला त्यात काही वाकडं दिसलं नाही. आम्हाला कपडे वाचायची सवयच नव्हती; कोण कोणाचा, हे तोंडाकडे बघून कळायचं.

स्टेशनजवळ फौजेची छावणी होती. रेल्वेच्या कडेची तारायंत्राची तार कोणीतरी तोडली. कोणी, ते मला आजही माहीत नाही. दुपारी लष्कराचा ट्रक वेशीतून आत आला आणि पाराजवळ थांबला. पार आमच्या घराच्या अगदी खाली. आम्हा पाटलाच्या सुनांना चारचौघांत यायची मुभा नव्हती, म्हणून मी घराच्या माळवदावरून, वरच्या धाब्यावरून बघत होते. एक तरुण साहेब उतरला, चष्मा लावलेला, उत्तरेकडचा. बरोबर हवालदार आणि शिपाई. साऱ्या पुरुषांना पारापाशी बोलावलं. हवालदारानं एकवार नजर फिरवली आणि म्हणाला, “हरे कपड़ेवाले सब इधर.”

हिरवेवाले एका बाजूला झाले, त्यांत हे सर्वांत पुढं. चाचा आणि त्यांची आळी उरलेल्या गर्दीत होती, त्यांच्याकडे कोणी बघितलंही नाही. साहेबानं सांगितलं, की तार तोडणारा हजर करा, नाहीतर तुम्हा सगळ्यांना इथं सर्वांसमोर फटके बसतील, म्हणजे पुन्हा कोणाची हिंमत होणार नाही.  बोलायला कोणाला काही ठाऊकच नव्हतं. हवालदारानं ह्यांना वाकायला लावलं आणि वेताची छडी चालवली. सदरा फाटल्याचा आवाज मला वर ऐकू आला. मी तोंडात पदर कोंबला होता.

तेवढ्यात सासूबाई घरातून खाली पळत गेल्या. डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, आणि ज्या बाईनं जन्मात पारावर पाऊल टाकलं नव्हतं ती शिपायांमधून घुसली. “अरं मुडद्यांनो, मराठ्याचं लेकरू हाय ते. पाटलाचं घर हाय आमचं.”

कोणीतरी साहेबाला हिंदीत समजावलं. साहेबाचा चेहरा पडला. त्यानं हात वर केला, छडी थांबली. मी देवाचं नाव घेतलं, पण ते अर्ध्यातच राहिलं, कारण साहेब आता म्हणत होता, की हे सगळे हिंदू असतील तर यांना सोडा, आणि गावातल्या मुसलमानांना पुढं आणा. सासूबाईंच्या एका वाक्यानं माझं कुंकू वाचलं आणि छडी चाचांकडे वळली. त्यांच्या मनात तसं काही नव्हतं. आईनं दुसरं काय ओरडायचं? पण झालं ते असं झालं.

मुसलमान कोण, ते कोणी दाखवलं नाही. मामंजी पाटील होते, त्यांना विचारलं, तर ते जमिनीकडे बघत राहिले. शेवटी चाचाच गर्दीतून पुढं आले आणि ह्यांच्या शेजारी उभे राहिले.  त्यांच्या वयाच्या म्हाताऱ्याला तसल्या छडीचे फटके म्हणजे काय, हे वर उभ्या असलेल्या आम्हा साऱ्याजणींना कळत होतं.

हे अजून वाकलेलेच होते. सरळ झाले. ह्यांचं शिक्षण निजामाच्या शाळेत उर्दूतून झालेलं, त्यामुळे फौजेशी बोलायची भाषा होती. म्हणाले, “साब, अभी मेरेकू मारे. मैं क्या करा था?”

साहेब म्हणाला, “तुम हिंदू हो, पहले क्यों नहीं बोले?”

“तुम पूछे कहाँ? मैं क्या करा था, वो बोलो.”

“कुछ नहीं.”

“तो इनो क्या करे?”

इतकंच. ह्यांनी काही भाषण ठोकलं नाही. पुढं लोकांनी ह्यांच्या तोंडी बरंच काही घातलं, पण मी वर उभी होते, मी ऐकलं ते एवढंच. मी नंतर विचारलं, “अहो, मार बसायच्या आधीच का नाही सांगितलं तुम्ही कोण ते?” तर म्हणाले, “सुचलंच नाय. तोंड कोरडं पडलं होतं.” माझ्या नवऱ्याला शूर म्हणायची माझी पुष्कळ इच्छा आहे, पण खोटं लिहिणार नाही.

हवालदार छडी घेऊन तयार होता. साहेबाला कोणी अडवणारं नव्हतं. वरचे अधिकारी त्याला काही म्हणाले नसते. आमच्या गावातलेही काही मनातून खूश झाले असते, रझाकारांनी उपसलेली पेवं कोणी विसरलं नव्हतं. साहेबानं चष्मा काढून पुसला. मग त्यानं हवालदाराच्या हातातली छडी घेतली, ट्रकमध्ये टाकली आणि मामंजींना सांगितलं, की आजपासून तारेवर रात्रीची राखण गावानं करायची, दोन्ही आळ्यांतल्या माणसांनी जोडीनं. ट्रक धुरळा उडवत गेला. पुढं तार तुटली नाही. राखण करणारे हिवाळ्यात शेकोटी करून बसायचे आणि सासूबाई त्यांना गुळाचा चहा पाठवायच्या.

त्या साहेबाचे माझ्यावर उपकार आहेत, हे मी सरळ म्हणते. मला राग येत नाही असं नाही. मारायच्या आधी विचारायला काय झालं होतं त्याला? पण बंदूक हातात असलेल्या माणसानं मधेच थांबणं किती अवघड आहे, हे मला त्या वर्षी चहूकडच्या गावांनी शिकवलं. तिथंही साहेब होते. आमच्या वाट्याला हा आला. त्याच्यामुळे आमच्या गावातली ती आळी राहिली, चुली पेटत राहिल्या, आणि आम्हाला आयुष्यभर एकमेकांच्या तोंडाकडे बघता आलं. मी रोज हात जोडते त्यात त्याला धरते. सासूबाईही धरायच्या, शिव्या देऊन का होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पायी आला, एकटाच. हे ओसरीवर पालथे पडले होते, मी पाठीला हळद-तेल लावून आत गेले होते आणि दाराआडून ऐकत होते. साहेब उभ्यानंच म्हणाला, “मुझसे बड़ी ग़लती हुई. मुझे पता नहीं था कि आप हिंदू हैं.”

ह्यांनी मान वळवली. “मुसलमान रहता तो ग़लती नहीं होती?”

 सासूबाईंनी साहेबापुढं पाण्याचा तांब्या आणि मोहरमचे गोड चोंगे ठेवले. रागावल्या होत्या तरी दारी आलेल्याला तसंच घालवायचं त्यांना जमत नसे. त्यानं पाणी घेतलं, चोंगा हातातच धरून ठेवला. मग विचारलं, की काल जो म्हातारा पुढं आला, त्याचं घर कुठलं.

पुढचं चाचांनी संध्याकाळी येऊन सांगितलं, या वेळी ओसरीवर बसून. दारात फौजी साहेब बघून चाची आत किंचाळली. चाचांना वाटलं, न्यायला आला. ते चपला शोधायला लागले. तर साहेबानं टोपी काढली आणि हात जोडून माफी मागितली. चाचांना काही उमगेना. म्हणाले, “साब, मेरेकू तो तुम हातबी नहीं लगाए.”

“लगानेवाला था,” साहेब म्हणाला.

आदल्या दिवशी छडीसमोर उभं राहताना चाचांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. हे सांगताना मात्र त्यांनी खांद्यावरचं फडकं डोळ्यांना लावलं, आणि सासूबाई तांदळाचं सूप बाजूला ठेवून त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.