पिंपळापुऱ्यांनी प्यायलेलं ऊन

चारुदत्त पिंपळापुरे यांनी सारी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात इंजिनीअर म्हणून काढली. तांबडा म्हणजे थांब, हिरवा म्हणजे जा, आणि या दोहोंच्या मध्ये माणसाच्या मताला जागा नाही, अशी त्यांची पक्की धारणा होती. मूळचे वर्ध्याचे, पण लखनौची बदली अशी काही रुजली की निवृत्त झाल्यावर त्यांनी सरोजिनी नगरच्या पुढे, कानपूर रोड सोडून आत वळल्यावर लागणाऱ्या एका गावात छोटी बाग घेतली आणि तिथंच दोन खोल्या बांधल्या. बाग पेरूची. चारुदत्तराव पेरूला जांब म्हणत, सांगलीच्या मंजिरीबाई पेरूच म्हणत आणि गाव अमरूद म्हणे.

अडचण पाण्याची होती. म्हणजे बोअरला पाणी भरपूर, पण ते वर आणायचं कसं? विजेचे खांब बागेपर्यंत येऊन थांबले होते, तारेचा पत्ता नव्हता. डिझेलचं इंजिन आणून पाहिलं, तर पहिल्याच दिवशी हँडल उलटं फिरलं आणि चारुदत्तरावांचं मनगट भोपळ्यासारखं सुजलं. अशात चौऱ्याण्णव साली त्यांना एका सरकारी योजनेतून उन्हावर चालणारा पंप मिळाला. लोखंडी चौकटीवर निळ्याकाळ्या काचेच्या पाट्या, दक्षिणेकडे तोंड करून. ऊन पडलं की पंप आपोआप चालू, ढग आला की बंद. तार नको, तेल नको.

शेजारच्या शेताचे मालक रामखेलावन हे गावातले बुजुर्ग. ते पाट्यांना पुढून, मागून, खालून पाहून आले.

"साहब, ये खाता क्या है?"

"कुछ नहीं. धूप पीता है, पानी देता है," चारुदत्तराव ऐटीत म्हणाले.

"कितनी पीता है?"

"जितनी मिले."

रामखेलावननी मान डोलावली. घरी जाताना मात्र त्यांनी दोनदा वळून सूर्याकडे पाहिलं.

हिवाळा आला, आणि त्या वर्षी धुकं असं दाटलं की दुपारी अंगणातली तुळस दिसेना. बटाट्यावर करपा पडला. म्हशी दूध चोरू लागल्या. एक दिवस कांबळी गुंडाळलेली आठ-दहा माणसं बागेत येऊन उभी राहिली. पुढे रामखेलावन.

"साहब, बुरा न मानिएगा. आपने धूप बहुत पी ली. अब थोड़ी छोड़ दीजिए."

चारुदत्तरावांना आधी हसू आलं, मग राग. त्यांनी काठीनं जमिनीवर सूर्य काढला, पृथ्वी काढली, धुक्याचा थर काढला. माणसं अदबीनं पाहत राहिली.

"अहो, मेरा खुद का पंप बंद है! मुझे ही नहीं मिल रही धूप!"

"हाँ, तो खतम हो गई न," रामखेलावन समजुतीनं म्हणाले. "और जो गर्मी भर पी, वो कहाँ रखी है?"

"कहीं नहीं रखी!"

"एक बार कोठरी देख लें?"

पंपाची खोली उघडून दाखवावी लागली. आत पाना, तेलाचा डबा आणि चारुदत्तरावांची रेल्वेतली जुनी मोठी टॉर्च. एकानं ती उचलली, बटण दाबलं. अंधाऱ्या खोलीत लख्ख उजेड पडला.

सगळ्यांच्या नजरा टॉर्चवरून चारुदत्तरावांकडे वळल्या. चारुदत्तरावांनी टॉर्च काढून घेतली आणि विझवली.

शेवटी मंजिरीबाई बाहेर आल्या. "अहो, झाका ना त्या पाट्या चार दिवस. नाहीतरी पंप बंदच आहे. यांचं मन राहील."

"हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"असू दे. तत्त्वावर पण रजई घाला."

चार जुन्या रजया काढल्या आणि सगळ्यांच्या साक्षीनं पाट्या झाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं विरलं आणि असं खणखणीत ऊन पडलं की चारुदत्तराव डोळ्यांवर हात धरूनच दाराबाहेर आले.

तिथून त्यांचं आयुष्य बदललं. पाट्या झाकल्या की ऊन मोकळं राहतं, उघडल्या की त्या ऊन पितात आणि सावट येतं, हा नियम गावानं ठरवून टाकला. भट्टीवाले तिवारीजी कच्च्या विटा वाळवायच्या म्हणून येत: "साहब, परसों तक ढाँके रखिए." आषाढात भाताच्या लावणीला पाऊस हवा असला की दुसरा जथा येई: "साहब, खोल दीजिए, पीने दीजिए." चारुदत्तराव चिडत, समजावत. पण समोर हात जोडून उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणणं त्यांना कधीच जमलं नव्हतं.

"आणि माझी झाडं?" एकदा ते कळवळून म्हणाले. "पाट्या झाकल्या की पंप बंद. जांब वाळून चाललेत माझे."

गावाला हे अगदी रास्त वाटलं. साहेब आपल्यासाठी ऊन सोडतात, तर त्यांची झाडं तहानलेली राहता कामा नयेत. पाट्या झाकलेल्या असल्या की ज्याचं काम असेल त्यानं आपलं डिझेल इंजिन आणून बागेला पाणी द्यायचं, असं ठरलं. पाट्या उघड्या असल्या की पंप पाणी देई, झाकलेल्या असल्या की गाव. झाडं अशी माजली की पेरू नारळाएवढे होऊ लागले. एकूण हिशेबात पंपानं सर्वांत जास्त पाणी दिलं ते रजईखाली झोपून.

एकदाच पंचाईत झाली. गव्हाला चार थेंब हवेत म्हणून रामखेलावन आले, आणि विटा ओल्या आहेत म्हणून तिवारीजी. दोघं एकाच वेळी. रजईची दोन टोकं दोघांनी धरली. चारुदत्तरावांनी सिग्नल खात्यातला कडक आवाज काढला, "आधा खुला, आधा बंद!" आणि तसंच केलं. दुपारी ऊन पडलं, आणि उन्हातच भुरभुर पाऊसही आला. दोघंही समाधानानं घरी गेले. चारुदत्तराव मात्र जेवले नाहीत.

"अहो, योगायोग आहे," मंजिरीबाई म्हणाल्या.

"हो, योगायोगच. पण फार वक्तशीर आहे गं."

त्यानंतर मंजिरीबाईंच्या लक्षात आलं की सकाळी आकाश भरून आलेलं दिसलं की नवरा आधी गुपचूप पाट्यांकडे चक्कर टाकून येतो.

एका मे महिन्यात योजनेच्या कार्यालयातून सक्सेना नावाचे अधिकारी पंप तपासायला आले. बाग हिरवीगार आणि रखरखीत उन्हात पाट्या रजयांखाली. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं. चारुदत्तरावांनी सारी हकीकत खरीखुरी सांगितली. सक्सेना खुर्चीतून पडेपर्यंत हसले. "पिंपळापुरेजी, आप इंजीनियर होकर!" चारुदत्तराव कानापर्यंत लाल झाले.

सक्सेना निघाले, जीपपर्यंत गेले, ड्रायव्हरला थांबवून एकटेच परत आले.

"वैसे... बीस जून को बिटिया की शादी है. निशातगंज में, खुले में पंडाल है. अगर बारिश न हो तो..."

"ढाँक दूँगा," चारुदत्तराव म्हणाले.

वीस जूनला त्यांनी पहाटेच पाट्या झाकल्या, वरून दोरी आवळली आणि दिवसभर बागेत खुर्ची टाकून राखण केली. संध्याकाळी आभाळ फाटलं. असा पाऊस की गोमती नदीलाही घाम फुटावा.

चारुदत्तरावांना रात्रभर झोप नाही. दोन दिवसांनी सक्सेनांचा माणूस मिठाईचा डबा घेऊन आला. साहेबांचा निरोप होता: तुम्ही झाकलंत म्हणून एवढ्यावरच निभावलं. नाहीतर मांडवासकट नवरदेव वाहून गेला असता. फार उपकार झाले.

मंजिरीबाईंनी डबा उघडला, एक बर्फी नवऱ्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "बघा. यांना आता कुठल्याच पावसानं पटायचं नाही. निदान आपण तरी शहाण्यासारखं वागू."

"हो, हो," चारुदत्तराव बर्फी चघळत म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण खरं सांगू का, चूक माझीच आहे. पूर्वेकडची ती रजई जरा तोकडी पडली होती. एक कोपरा उघडाच राहिला होता."