टेकडीवर ठोकलेलं कडं

माझी नोकरी म्हणजे जमिनीत पाणी किती वेळात मुरतं ते बघत बसायची. पातेल्याएवढं, बिनबुडाचं लोखंडी कडं जमिनीत ठोकायचं, त्यात पाणी ओतायचं आणि पट्टी धरून घड्याळाकडे बघायचं. सिंदी मेघेतल्या शेजारणींना मी हे कधीच नीट समजावू शकले नाही. ‘पाणी ओतून पगार घेते’ एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं, आणि तसं ते खोटंही नव्हतं.

हिंगणीच्या अलीकडच्या एका गावात चराईची टेकडी होती. तिचा अर्धा उतार गावानं तीन वर्षं गुरांना बंद ठेवला होता. तिथे गुडघाभर गवत आलं होतं. उरलेल्या अर्ध्यावर एका गवळ्याच्या नऊ गाई चरत. मी मोजायला गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती. गवताखाली पाणी जास्त मुरतं असं मी सांगितलं, की उरलेला उतारही बंद होणार होता. मग त्या गाईंना जंगलाशिवाय जागा नव्हती, आणि जंगलात वाघ होता. तरी पाण्याच्या कॅन बैलबंडीतून वर आणून दिल्या त्या त्याच गवळ्यानं.

चराईच्या बाजूला पाणी रडतरखडत मुरलं, शिकवलं होतं तसंच. मग गवतातल्या जागेवर गेले. ती मी आदल्या दिवशी काड्या रोवून ठरवली होती. आता तिथलं गवत मुळासकट उपटलेलं, खडे वेचलेले, जमीन कशी गुळगुळीत. कडं झटक्यात बसलं म्हणून मी खूश. पाणी ओतलं, तर ते तिथेच उभं. वीस मिनिटं झाली तरी हलेना. चराईच्या बाजूला मुरतं आणि गवतात मुरत नाही, म्हणजे काय? घड्याळच बिघडलं असेल म्हणून कानाला लावलं. आधी स्वतःवर चिडले, मग घड्याळावर.

“काऊन मुरून नाई राह्यलं जी?” गवळ्यानं विचारलं.

“मला काय विचारता?” मी खेकसले.

त्याची बायको जरा लांब उभी होती. ती हळूच म्हणाली, “जागा मीच साफ केली, मॅडम. तुमी बसान म्हनून शेनानं सारवून घेतली.”

ते सुकलेलं सारवण मला दिसलं नव्हतं असं नाही. ओळखता आलं नाही. आमच्या घरी फरशी आहे. काही चांगलं काम व्हायचं असलं की जागा सारवून घ्यायची, ही तिथली रीत. पण तिला माझा मान राखायचा होता की गाई वाचवायच्या होत्या, हे मला आजही कळत नाही. गाई वाचवायच्या असत्या तर ती बोललीच नसती, असं मी स्वतःला समजावते. मग वाटतं, तिच्या नवऱ्यावर मी खेकसले नसते, तर ती बोलली असती का?

“मंग दुसरीकडं ठोका,” गवळी म्हणाला. माझ्या सांगण्यावरून त्यानंच विळ्यानं गवत वरवर कापलं, मुळं तशीच ठेवली. या वेळी मी ओततेय तोवरच पाणी खाली जायला लागलं. तो वाकून बघत राहिला.

“उद्या कोनतं सांगान जी?”

कागदावर गवतातले दोन्ही आकडे होते. सभेत मी दुसरा सांगितला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, उतार बंद झाला, आणि दिवाळीआधी त्यानं गाई विकल्या.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेले होते. टेकडीखालच्या त्यांच्या विहिरीला भर मे महिन्यात पाणी होतं. ते गवळ्यानं मला मुद्दाम नेऊन दाखवलं, आणि त्यात टोमणा होता की आनंद, तेही मला कळलं नाही. त्याच्या बायकोनं चहा आणला. कोरा होता.

“दूध नाई जी घरात,” ती म्हणाली.