वहिनीनं दूध तोडलं तेव्हा

माझी वहिनी दवाखान्यात रक्त काढायची. तिच्या हाताला गुण होता. सुई कधी गेली ते कळायचं नाही असं लोक म्हणत. दादा चेष्टा करायचा, "मला बघायला आली तेव्हा हिनं तोंडाकडे बघितलंच नाही. हाताच्या शिरा बघितल्या आणि हो म्हणाली."

बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर गेली तेव्हा तिची मुलगी सहा महिन्यांची होती. आम्ही तिला गोटी म्हणायचो. दिवसभर ती माझ्याकडे असायची. संध्याकाळी जिन्यात आईच्या चपला वाजल्या की माझ्या मांडीवर ठरायची नाही. वहिनी हातपाय धुऊन तिला अंगावर घ्यायची, आणि मग कुणी हाक मारली तरी दोघींना ऐकू जायचं नाही.

एका सकाळी वहिनीनं एका ड्रायव्हरचं रक्त काढलं. वापरलेल्या सुया टाकायचा डबा काठोकाठ भरला होता, तो कुणी बदललाच नव्हता. तिनं सुई आत सोडली, ती ढिगावर अडून उसळली आणि हातमोज्यातून तिच्या बोटात शिरली.

ड्रायव्हरनं ते पाहिलं. तो उठून उभा राहिला.

"ताई, आधी हात धुवा. मला एचआयव्ही आहे. आत्ताच कळलंय, औषध अजून सुरू व्हायचंय."

वहिनी नळाकडे गेली. बोट पिळलं नाही, तोंडात घातलं नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली धरलं. परत आली तेव्हा तो दाराशी रडवेला होऊन उभा होता.

"सांगितलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. "नाहीतर वेळ गेला असता. बसा, तुमचा कापूस सुटलाय." नवे मोजे चढवून तिनं त्याच्या हाताला पट्टी लावली, मगच डॉक्टरीणबाईंकडे गेली.

त्यांनी लगेच गोळ्या सुरू केल्या. महिनाभर चुकवायच्या नाहीत म्हणाल्या. धोका अगदी थोडा आहे, असंही सांगितलं. मग विचारलं, "बाळ अंगावर पितं का?"

वहिनीनं होकारार्थी मान हलवली.

"तीन महिन्यांनी शेवटची तपासणी होईल. तोवर पाजू नका."

त्या संध्याकाळी गोटी नेहमीसारखी झेपावली. वहिनी दारातच थांबली. "वन्सं, तुम्हीच घ्या तिला. जवळ घेतल्यानं काही होत नाही, पण माझ्या अंगाला दुधाचा वास येतो. ती शोधत राहील."

मी बाटली तोंडाला लावली तर पोरीनं ती ढकलून दिली आणि आईकडे हात करून रडली. वहिनी आतल्या खोलीत जाऊन बसली. तिचा ब्लाउज भिजला होता. पुढे रोज ती न्हाणीघरात जाऊन दूध पिळून टाकायची, आटू नये म्हणून. नळ मोठा सोडायची, तरी बाहेर समजायचं ते समजायचंच.

माझ्या आईनं वहिनीचं ताट वेगळं काढलं. वहिनीच्या भांड्यात उरलेलं पाणी दादानं उचलून पिऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी ताट पुन्हा सगळ्यांच्या ताटांत आलं. पण "लेकरू बाटलीला लागलं" हे आईचं पुटपुटणं काही थांबलं नाही, आणि वहिनीला तेच जास्त लागायचं.

गोळ्यांनी तिच्या पोटात अन्न ठरेना. दूध कमी होत गेलं. एक दिवस न्हाणीघरातून बाहेर येऊन ती म्हणाली, "आज काहीच आलं नाही," आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला बसली.

ड्रायव्हर औषधं न्यायला आला की लांबूनच विचारायचा, "ताई, काही कळलं का?"

"अजून नाही. तुम्ही गोळ्या वेळेवर घेता ना?"

"घेतो. पण बहिणीनं पोरं माझ्याकडे पाठवायची बंद केलीत. अंगाखांद्यावर वाढलीत हो माझ्या."

हे घरी मला सांगताना वहिनी खिडकीबाहेर बघत होती. "माझे तीन महिने संपतील तरी," ती म्हणाली. "त्याचे कधी संपायचे?"

तिची शेवटची तपासणी चांगली आली. दादा ऑफिस सोडून घरी आला आणि उगाच या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिला. वहिनीनं गोटीला मांडीवर घेतलं, पदर बाजूला केला. गोटीनं छातीवर दोन चापट्या मारल्या, खुदकन हसली, आणि माझ्याकडे वळून बाटलीसाठी हात पुढे केला.

"विसरली," वहिनी म्हणाली. पुढचे काही दिवस ती तशीच घेऊन बसायची. मग तिनं नाद सोडला.

ड्रायव्हरला तिनं स्वतः जाऊन सांगितलं. तो बाकावर बसला, डोळे पुसून बाही वर सारत म्हणाला, "आज माझं रक्त तुम्हीच काढा." तिनं काढलं. पुढे त्याची बहीणही त्याच्याबरोबर यायला लागली. त्याला पोरं जवळ घेऊ दिल्यानं काही होत नाही, हे वहिनीनं तिला बाजूला बसवून समजावलं.

गोटी आता आईपेक्षा उंच झाली आहे. घरात दुसरं मूल आलं नाही. परवा शेजारचं तान्हं कळवळून रडायला लागलं. वहिनी भाजी निवडत होती. तिचे हात थांबले, छातीशी गेले, आणि ते रडणं थांबेपर्यंत तिथंच राहिले.