उसातले झोपाळू डबे

तापलेल्या सोल्डरमधल्या राळेचा गोडसर धूर नाकात गेला, की मला जळोची गावातला आमचा ऊस आठवतो. नव्वदीच्या अखेरीस, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, मी आणि माझ्या प्रोजेक्टमधल्या जोडीदारानं सरीत डबे अर्धे पुरले होते; मातीची ओल मोजून ते रेडिओवरून एकमेकांमार्फत घरी कळवायचे. पण सेल आठवडाभरही पुरेनात, कारण शेजारचा डबा कधी बोलेल म्हणून प्रत्येकाचा रेडिओ सारखा कान लावून बसे. "परीक्षेपर्यंत टिकले नाहीत तर प्रोजेक्ट बदला," सरांनी बजावलं. त्याच सुमारास चारीला, म्हणजे शेतांपर्यंत येणाऱ्या पाटाला, कालव्याचं पाणी आलं. आमची पाळी यायच्या जरा आधी मी खोरं घेऊन निघालो आणि वाटेतच थबकलो. चारीवर दिवसभर कुणीच बसत नाही. पाळीपुरतं यायचं, पाणी घ्यायचं, घरी जाऊन झोपायचं. मग डब्यांनाच जागरण कशाला? आम्ही त्यांनाही पाळ्या लावून दिल्या: ठरल्या वेळी जागं होऊन दिवा लावायचा, बोलायचं-ऐकायचं आणि पुन्हा झोपायचं. परीक्षेच्या दिवशी सर बांधावर आले, तर समोरच्या डब्याचा दिवा बंद. "संपले ना सेल?" मी तोंड उघडायच्या आत माझे वडील, आबा, म्हणाले, "दम धरा, सर. त्याची पाळी न्हाय आली अजून." आणि लाल दिवा लागला! जोडीदारानं बांधावरून सरीत उडी मारली, सर मनापासून हसले, आणि आबांनी तर डब्याच्याच पाठीवर थाप मारली. आता मी कॉलेजात हेच शिकवतो. प्रयोगशाळेत कुणी घाईनं "सर, बंद पडलं" म्हणालं, की माझ्या तोंडून आबा बोलतात, "दम धरा."