वांग्याची गाय

यवतमाळला राहायला यायचं ठरलं तेव्हा माझ्या बायकोने एकच प्रश्न विचारला, "तिथे जपानी माणसं आहेत?" ती स्वतः जपानी. पुण्यात तिच्या देशाच्या चार मैत्रिणी होत्या, महिन्यातून एकदा जमून त्या पोटभर आपल्या भाषेत बोलायच्या. मी म्हणालो, "नागपूर जवळ आहे." हे काही उत्तर नव्हतं, ते तिलाही कळलं आणि मलाही. पण यायला तर हवंच होतं. आई न्हाणीत घसरून पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं, आणि मी एकुलता एक.

आल्यावर मी गावभर विचारत सुटलो. यवतमाळचा माणूस "माहीत नाही" असं सहसा म्हणत नाही. एकाने मला मोठ्या उत्साहाने चायनीजच्या गाडीवर नेलं. गाडीवाला जवळच्या दिग्रसचा निघाला. बुद्धविहारातल्या बायांनी मात्र बायकोला आपण होऊन बोलावलं, शेजारी बसवून घेतलं आणि दोन वेळा चहा पाजला. घरी येऊन ती म्हणाली, "फार चांगल्या आहेत. पण बोलू काय?" पुण्यात मराठी शिकलेली माझी बायको वऱ्हाडी ऐकून पुन्हा मुकी झाली होती.

मग एक दिवस बसस्टँडच्या मागे, कॉम्प्युटर क्लासच्या वरच्या मजल्यावर जपानी शिकवत असल्याची पाटी दिसली. जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला जाणाऱ्या मुलामुलींचा तो वर्ग होता. वणीची, पांढरकवड्याची, राळेगावची पोरं. मी तिला घेऊन वर गेलो. ती दारात दिसताच अख्खा वर्ग उभा राहिला आणि एका दमात कमरेत वाकला. माझी बायको यवतमाळात पहिल्यांदा खळखळून हसली ती त्या दारात. त्या पाटीचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

तेव्हापासून दर रविवारी त्यातल्या दोन-तीन मुली आमच्या घरी येऊ लागल्या. बोलायचा सराव माझ्या बायकोशी आणि कामाचा सराव माझ्या आईवर. बायकोला त्या सेन्सेई म्हणायच्या, म्हणजे बाई. राळेगावची एक मुलगी, कापूसवाल्या घरातली, दणकट, आईला खाटेवरून उठवताना जपानीत विचारायची, "आता उठू या का?" आई "हो वं माय" म्हणत उठायची. महिन्याभरात आई जपानी हुकमावर उठत-बसत होती आणि मराठीत सांगितलं तर ऐकत नव्हती.

त्याच हिवाळ्यात तिकडे माझ्या सासूबाई गेल्या. अचानक. आम्ही सगळेच बायकोला जा म्हणालो, पण आईला रात्रंदिवस सांभाळणारी तीच होती, आणि पोहोचेपर्यंत सगळं आटोपणारच होतं. ती गेली नाही. फोनवर अंत्यविधी पाहिला, फोन बंद केला आणि आईची औषधाची वेळ झाली म्हणून उठली. माझी बायको रागावली तर बोलते, दुखावली तर भांडी घासते. त्या दिवसांत आमच्या घरची भांडी आरशासारखी चमकत होती. मला तिचं तोंड बघवत नव्हतं.

ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे, जपानात, पितरं घरी येतात. तीन-चार दिवस राहून परत जातात. काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात, म्हणजे पितरं लवकर घरी पोहोचावीत. वांग्याची गाय करतात, म्हणजे परतीची वाट सावकाश सरावी. माणूस गेल्यानंतरचा पहिला ऑगस्ट फार मोठा मानतात. यवतमाळचा पत्ता आपल्या आईला सापडेल का, याचीच तिला काळजी होती. तिची आई इथे कधी आलीच नव्हती. फोटोपुढे तिने काकडीचा घोडा ठेवला. गाईसाठी बाजारातलं सगळ्यात मोठं वांगं आणलं, तिच्या आईला आरामात बसता यावं म्हणून, आणि खराट्याच्या काड्यांचे पाय लावून ते स्वयंपाकघराच्या खिडकीत गारव्याला ठेवलं.

आता वऱ्हाडात एवढं मोठं वांगं काड्या टोचून ठेवलेलं दिसलं तर कोणीही काय समजेल? आई तेव्हा वॉकर धरून चालायला लागली होती. सूनबाईला तेवढीच मदत, म्हणून तिने काड्या उपसल्या, वांगं गॅसवर खरपूस भाजलं, लसूण, हिरवी मिरची, कांद्याची पात, सगळं साग्रसंगीत घालून भरीत केलं. पडल्यानंतर तिने स्वतःच्या हाताने केलेला तो पहिला पदार्थ. मी ऑफिसातून जेवायला आलो आणि बोटं चाटत खाल्लं. बायकोनेही खाल्लं. "छान झालंय, आई," म्हणाली आणि भांडी घासायला बसली.

संध्याकाळी राळेगावची मुलगी आली. फोटोपुढे हात जोडले, घोडा पाहिला. वर्गात त्यांना हा सण शिकवलेला होता. तिने विचारलं, "सेन्सेई, गाय कुठं हाय? आज तुमची आई वापस जातीन नं?"

बायकोने घासून ठेवलेल्या भरताच्या पातेल्याकडे बोट दाखवलं. मुलीने मग आईला सगळं समजावून सांगितलं. आई ऐकता ऐकता खाटेवर बसली.

"म्हणजे मी इहीणबाईची गाडी भाजून खाल्ली?" ती म्हणाली. "पोरी, तू बोलली काहून नाही?"

"तुम्ही इतक्या दिवसांनी उभं राहून केलं होतं," बायको म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. फेब्रुवारीपासून साठलेलं होतं ते. "आता ती कशी जाईल?"

आईने तिला ओढून जवळ बसवलं. "कायले जातीन? माह्या पायापायी तुले मायचं तोंड पाहाले जाता नाही आलं. अन् आता ते पह्यल्यांदा माह्या घरी आली, तं तीन दिवसात वापस धाडू? इहीणीले असं धाडतं काय कोणी? पोळा आठ दिवसावर हाय. पोळ्याले खऱ्या जोडीवर पाठवू. तोवर राहू दे."

मी दुसरं वांगं आणायला चप्पल घालून दारात उभा होतो. ती मुकाट्याने काढून ठेवली.

ते आठ दिवस आमच्याकडे पाहुणी होती. आई सकाळी फोटोपुढे चहा ठेवायची आणि जेवताना ताट. सुनेच्या तक्रारीही तिच्याकडेच करायची. "मीठ कमी टाकते तुमची लेक." बायको आतून ऐकून हसायची.

पोळ्याला गल्लीतल्या शेतकरी काकांची जोडी दारी आली, शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल. आईने वॉकर बाजूला ठेवला, सुनेच्या खांद्यावर हात टाकून पूजा केली, पुरणपोळी चारली. मग नवं लुगडं उजव्या बैलाच्या पाठीवर ठेवलं. विहीण रिकाम्या हाताने जाऊ नये. "सावकाश जा," ती बैलाच्या कानाशी म्हणाली, "अन् पुढच्या साली या." काकांनी गल्लीच्या टोकापर्यंत जोडी हळूहळू चालवत नेली. बायको ती वळेपर्यंत वाकून उभी होती. ते लुगडं काकांनी संध्याकाळी परत आणून दिलं, आणि आईने ते सुनेला नेसवलं.

यंदा ऑगस्टमध्ये बायकोने काकडीचा घोडा केला. वांगं दिसलं नाही. मी विचारलं, "गाय?"

"कायले? पोळा हाय नं."

मी कॅलेंडर पाहिलं. "अगं, यंदा पोळा चांगला महिनाभर लांब आहे."

तिने घोड्याचं तोंड घराच्या आत वळवून ठेवलं.

"असू दे," ती म्हणाली. "आईले कुठं घाई हाय?"