नव्या चपलेचं चामडं

ऑईल जळाल्याचा वास आला की आणीबाणीच्या साली देवगाव फाट्यावर तापलेलं ऊन आठवतं. मी नवरी होते, बाबा ज्यांच्याकडं कामाला होते त्या मालकाची जुनी जीप मागून आणून स्वतः चालवत होते, आणि अचानक पायाखालून धूर यायला लागला. इंजिनातलं ऑईल मोजायची पट्टी ज्या नळीत असते, तिचं सील फाटून ऑईल तापल्या सायलेन्सरवर गळत होतं. “अवं, पेटंल ना हे! तिकडं पाव्हणे खोळंबलेत,” आई रडकुंडीला आली. “तू गप बस जरा,” म्हणत बाबांनी लग्नासाठी घेतलेली नवी चप्पल काढली, तिचं चामडं चाकूनं गोल कापलं, ऑईलात भिजवून नळीभोवती घट्ट ठोकलं. गळती थांबली. मंडपात बुद्धवंदनेला सगळेच अनवाणी उभे राहिले, त्यामुळं बाबांच्या पायात काही नाही हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आता माझे केस पिकले, तरी कुठल्याही लग्नात माझी नजर आधी मुलीच्या बापाच्या पायांकडं जाते.